पांढरं फूल कुठे पांढरं असतं?

ॲक्रिलिक रंगांत पांढरा गुलाब रंगवायला बसलं की हात आपोआप टायटॅनियम व्हाइटच्या ट्यूबकडे जातो. तो हात जरा आवरा. एका बाजूने एकच दिवा लावा आणि डोळे किलकिले करून फुलाकडे बघा. बारीकसारीक सगळं पुसलं जातं, उरतात ते उजेडाचे आणि अंधाराचे ढोबळ आकार. त्यात निखळ पांढरं किती? दिव्याकडे वळलेल्या दोन-तीन पाकळ्यांच्या कडा, एवढंच. बाकीचं फूल करडं, निळसर, कुठे पिवळट. हे मान्य करणं जड जातं, कारण फूल पांढरं आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं. आणि आपण दिसतं ते सोडून माहीत असलेलं रंगवतो.

म्हणून मी सावलीपासून सुरुवात करतो. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून त्यात पांढरा घाला. निळा वाढवला की थंड करडा मिळतो, सिएना वाढवला की उबदार. काळ्याची गरजच पडत नाही. पिवळ्या फुलात तर काळा चुकूनही नको, शेवाळी झाक येते. तिथे सावलीला यलो ऑकर (मातकट पिवळा), मग सिएना, फार तर कणभर जांभळा.

आता एकच पाकळी जवळून बघू. पाकळी पातळ असते, मागून उजेड आला की तो तिच्यातून आरपार येतो. अशा वेळी आपल्याकडची बाजू सावलीत असूनही मळकट दिसत नाही, ती आतून पेटल्यासारखी दिसते. लाल पाकळी तिथे केशरीकडे झुकते, शिरा उमटतात. फुलाच्या गाभ्यातही तसंच. एका पाकळीवरचा उजेड दुसरीवर उसळतो, त्यामुळे खोलवर रंग काळवंडण्याऐवजी अधिक गहिरा, अधिक रसरशीत होतो. फूल कागदी दिसतं ते बहुतेक वेळा इथे करडा फासल्यामुळे.

ॲक्रिलिकची एक खोड मात्र सांभाळावी लागते. ओला असताना त्यातलं बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग, दुधाळ असतं, वाळलं की पारदर्शक होतं आणि रंग गडद उतरतो. ओल्यात अचूक जमलेली मधली छटा दहा मिनिटांनी सावलीत जमा झालेली असते! छटेचा एक फटकारा बाजूच्या कागदावर मारा, वाळू द्या, मगच कॅनव्हासला हात लावा.

रंग झटपट वाळतो, त्यामुळे उजेडातून सावलीत अलगद उतरणं अवघड जातं, अशी तक्रार नेहमी ऐकतो. पण याच वाळण्याचा फायदा घ्या. ग्लेझिंग मीडियममध्ये, म्हणजे रंग पारदर्शक करणाऱ्या द्रावात, चिमूटभर रंग मिसळून पातळ थर द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. खालचा थर उचलला जात नाही. माझी एक पाकळी पाच-सहा थरांत उभी राहते. नुसतं पाणी ओतून रंग पातळ करू नका, थर कमकुवत होतो.

आणि सगळ्या कडा कोरू नका. सावलीकडची एखादी पाकळी मागच्या अंधारात विरू द्या. तिची कड बघणाऱ्याचा डोळा आपणहून पुरी करतो.