गोळी हातात पडते तेव्हा

मंडळी, बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. नीट मिटली नाही, तर स्पायना बायफिडासारखं, म्हणजे पाठीचा कणा उघडा राहण्यासारखं व्यंग राहतं. आता जरा दिवस मोजा. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. रोजंदारीवर जाणारी बाई या पंधरवड्यात काय करते? कामाच्या शिणानं पाळी पुढे गेली असेल, म्हणून वाट बघते. दवाखान्यात जायचं तर खाडा होतो, मजुरी बुडते. तिसऱ्या महिन्यात ती येते, तेव्हा तिला नळी मिटायला मदत करणाऱ्या जीवनसत्त्वाची, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. रक्तवाढीसाठी ती घ्यायलाच हवी. पण नळीचं जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असतं.

लीड्सचे बालरोगतज्ज्ञ रिचर्ड स्मिथेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपणाच्या सुरुवातीला स्त्रियांच्या रक्तातली जीवनसत्त्वं मोजली आणि १९७६ साली निष्कर्ष मांडले. वरच्या सामाजिक वर्गातल्या स्त्रियांमध्ये ती जास्त भरली. ज्या मोजक्या मातांच्या बाळांत हे व्यंग निघालं, त्यांच्यात फोलेट, म्हणजे हेच जीवनसत्त्व, कमी होतं. पक्का पुरावा यायला १९९१ उजाडलं. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांवर ७ देशांत चाचणी झाली आणि फॉलिक अ‍ॅसिडमुळे पुन्हा तसं घडण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला.

मग सगळीकडे सल्ला सुरू झाला: दिवस जाण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्या. सल्ला बरोबरच आहे. पण तो पाळणार कोण? जिचं मूल ठरवून होतं, जिच्यापर्यंत ही माहिती वेळेत पोचते, जिच्या हातात पैसा आहे ती. जगातल्या जवळजवळ निम्म्या गर्भधारणा ठरवून झालेल्या नसतात. म्हणजे नुसत्या सल्ल्यानं सुस्थितीतलं घर सावरतं आणि दोन घरांमधली दरी वाढते. वर व्यंग निघालं की बोल आईलाच लागतो, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणूनच मी पिठाचा आग्रह धरतो. अमेरिकेनं १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं केलं, चिलीनं २००० पासून. दोन्हीकडे ही व्यंगं घटली. पीठ कुणाला दिवस गेलेत का विचारत नाही, शिक्षण विचारत नाही. अर्थात घरच्या धान्याचं दळण जिथे गावातल्या चक्कीवर होतं, तिथे हा उपाय पोचत नाही. त्या घरांसाठी गोळी लग्नाच्या वयाआधीच, किशोरवयापासून दारापर्यंत न्यावी लागेल.

रुबेला या विषाणूच्या आजाराचंही तसंच. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत त्याचा संसर्ग झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय धोक्यात येतात, आणि लस तर गरोदरपणात देता येत नाही. ती मुलीला लहानपणीच टोचलेली असावी लागते.