नकाशा म्हणाला, पोचलात

(दगडी पूल. पाऊस. छत्र्या घेतलेली गर्दी.)

फोन म्हणत होता, पोचलात. आणि मी पुलाच्या कठड्यावरून खाली वाकून बघत होते. मला हवा असलेला रस्ता तिथेच होता, फक्त माझ्या पायांच्या कितीतरी खाली. वर जॉर्ज द फोर्थ ब्रिज, खाली काउगेट. नकाशात दोघं एकमेकांना छेदतात, प्रत्यक्षात त्यांची भेटच होत नाही. स्कॉटलंडमधल्या एडिंबरातला माझा तिसरा दिवस. इंदूरहून आले होते नगररचना शिकायला, आणि मला साधा रस्ता सापडत नव्हता.

(किल्ला, मग उतरता रॉयल माइल.)

जुनं एडिंबरा समजायला सोपं आहे, चालायला नाही. विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर किल्ला, तिथून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा एकच मोठा रस्ता, रॉयल माइल. त्याला दोन्ही अंगांनी बोळ. आमच्या आजीची लाकडी फणी असते ना, दोन्हीकडे दात असलेली, अगदी तशी. या बोळांना इथे 'क्लोज' म्हणतात. अ‍ॅडव्होकेट्स क्लोज, ओल्ड फिशमार्केट क्लोज. वकील कुठे राहत, मासळी कुठे विकत, ते नावांतच आहे. लोहारपट्टी आणि बर्तन बाजारात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

गाव टेकडीच्या कण्यावर, भोवती तट. माणसं वाढली, जागा वाढेना. मग घरं वर चढली, काही तर दहा मजल्यांच्याही पलीकडे. तेही सतराव्या शतकात, लिफ्टशिवाय. रात्री खिडकीतून 'गार्डी लू' अशी आरोळी यायची आणि पाठोपाठ घरभराचं सांडपाणी खाली. आजीला हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, “आणि तू तिथे स्वच्छता शिकायला गेलीस?”

रविवार सोडून जवळपास रोज दुपारी एकला किल्ल्यावरून तोफ सुटते. 1861 पासून. बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून सुरू झालेली. जहाजांना आता तिची गरज नाही. मी मात्र त्या तोफेवर डबा उघडायचे.

(रॉयल माइलवरचं लॉनमार्केट. एका कमानीखालून आत जाणारा कॅमेरा.)

हे रिडल्स कोर्ट. इथे कोर्ट म्हणजे घरांनी वेढलेला चौक. कमानीवर लॅटिन अक्षरं आहेत, विवेंडो डिस्किमस. म्हणजे जगता जगता शिकतो. ती कोरून घेणारा माणूस पॅट्रिक गेडिस. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. 1886 मध्ये लग्न झाल्यावर हा आणि त्याची बायको अ‍ॅना जवळच्याच जेम्स कोर्टात राहायला आले. बरी परिस्थिती असलेली माणसं तेव्हा ही वस्ती सोडून चालली होती, खोल्या खचाखच भरलेल्या, भिंती काळ्या. यांनी चुना आणला, शेजाऱ्यांना हाताशी धरलं, खिडक्यांत फुलं लावली. पुढे पडकी घरं दुरुस्त करून विद्यार्थ्यांची वसतिगृहं काढली. सगळं पाडून रुंद रस्ता काढायचा, हा त्या काळचा सरकारी उपाय. गेडिसचं म्हणणं वेगळं होतं. आधी गल्लीगल्लीतून चाला, बघा, मग जेवढं सडलंय तेवढंच काढा.

एका संध्याकाळी ग्रंथालयात मी त्याचे भारतातले अहवाल चाळत होते. बडोदा, 1916. पुढचे दोन जाड खंड, 1918. शीर्षकात नाव होतं, इंदूर.

मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं.

(जुनी छायाचित्रं. राजवाडा, खान नदी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या.)

तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने त्याला बोलावलं होतं. गावात प्लेगची धास्ती होती. 1917 मध्ये अ‍ॅना कोलकात्यात तापाने वारली. त्यानंतरच्या वर्षी हा अहवाल आला, इतकंच मी सांगू शकते. त्या माणसाने ते कसं निभावलं असेल, हे अहवालाच्या पानांत शोधायला जाऊ नये.

त्याची दिवाळीची गोष्ट मात्र मला फार आवडते. दरबाराकडून त्याने एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केलं, की यंदाची मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्ल्या सगळ्यांत स्वच्छ असतील, त्यांतूनच जाईल. झालं! घराघरांतून कचरा निघाला, गाड्याच्या गाड्या. भिंती रंगल्या. मिरवणुकीत घाणीचा भलामोठा राक्षस, प्लेगचा अवाढव्य उंदीर, आणि नव्या कपड्यांत मानाने चालणारे सफाई कामगार. लोकांना तुळशीची रोपं वाटली. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांचंही दहन, दसऱ्याच्या रावणासारखं.

दंड नाही, नोटीस नाही. गल्लीला गल्लीशी स्पर्धा करायला लावली. हे डोकं इंदूरला बरोबर लागू पडलं, यात मला काही नवल वाटत नाही. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग सात वर्षं पहिला नंबर घेणारं गाव आहे हे. पण आमच्या घरात गेडिसचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मीही नाही, आणि मी नगररचनेची पदवी इंदुरातूनच घेतली.

(इंदूर, रात्र. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद, त्यांच्या ओटल्यांवर गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, कढई.)

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात आजीला म्हटलं, चल, फिरायला जाऊ. गुडघे दुखतात म्हणाली, मग स्वतःच चपला शोधायला लागली. खजुरी बाजाराच्या मागे एका बोळात शिरलो. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागली. तसंच मी अ‍ॅडव्होकेट्स क्लोजमध्येही करून पाहिलं होतं. भिंत तशीच गार. वास वेगळा, इथे जिरावण मसाल्याचा.

फोन काढला. पडद्यावर नुसता करडा ठोकळा, बोळ नाहीच.

“त्यात काय बघतेस,” आजी म्हणाली. “नळापाशी उजवीकडे वळ.”

(आजी पुढे. कॅमेरा मागे.)