जाळी की कागद?

(दृश्य: ठाण्यातलं वागळे इस्टेट, सकाळची वेळ. गॅरेजचं अर्धं उघडलेलं शटर. स्टँडवर पुढून उचललेली जुनी वॅगन आर. खाली पत्र्याचं घमेलं.)

इंजिनच्या तळाचा ड्रेन बोल्ट सुटला की पहिल्यांदा तेलाची जाड धार येते. मग ती बारीक होते, आणि शेवटी नुसते थेंब. हे थेंब थांबेपर्यंत गॅरेजवाले काका चहा घेतात. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते एकच सांगतात, "जाऊ द्या की सगळं. आत ठेवून काय करायचंय?"

गाडी माझी आहे. घोडबंदर रोडवरून रोज ठाणे स्टेशन आणि परत. मीटरवर वर्षाला जेमतेम आठ हजार किलोमीटर पडतात. पण माजिवडा ते कापूरबावडी या टापूत गाडी उभी असते, इंजिन मात्र चालू असतं. म्हणून काका म्हणतात, किलोमीटर बघू नका, कॅलेंडर बघा. वर्ष झालं की तेल बदला आणि सोबत ते गाळणारा फिल्टरही.

यंदा मी जरा शहाणपणा करायचं ठरवलं होतं. दरवर्षी एक डबा फेकायचा कशाला? स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर मिळतो. वर ॲल्युमिनियमचं कवच, आत स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी, रबरी ओ-रिंग. एकदा घ्या आणि धूत राहा. ऐकायलाच किती बरं वाटतं! आमच्या घरात दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालतात, त्यामुळे मला तर ते फारच पटलं.

काकांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो बघितला आणि म्हणाले, "ताई, आधी जुना कापून बघू."

(दृश्य: जवळून. पत्रा कापायची कात्री डब्याच्या कडेने फिरते.)

हॅकसॉने कापायचा नाही, हे त्यांनी बजावलं. करवतीचाच भुगा आत पडतो आणि मग इंजिन झिजतंय म्हणून उगाच रात्रीची झोप जाते.

पत्रा उघडल्यावर आत भोकं पाडलेली एक नळी आणि तिच्याभोवती चुण्या घातलेला कागद. साधा कागद नव्हे. सेल्युलोजचे तंतू, त्यांना राळेचा हात दिलेला, म्हणजे गरम तेलात लगदा होत नाही. चुण्या सोडवत गेलं तर मीटरभराहून लांब पट्टी निघते. तळाशी स्प्रिंग आणि बायपास व्हॉल्व्ह. कागद तुंबला किंवा गार तेल फार घट्ट असलं, तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. घाण तेल चालेल, पण कोरडं इंजिन नको, असा त्यामागचा हिशेब. वरच्या बाजूला रबराची एक चकती. गाडी बंद केल्यावर फिल्टरमधलं तेल खाली उतरू नये, म्हणून ती असते.

काकांनी पट्टी उन्हात धरली. काळीभोर, आणि चुणीच्या खोबणीत कुठे कुठे चमक. बोट फिरवलं तर हाताला काहीच लागत नाही. खरी गोम इथेच आहे. हाताला लागेल एवढा कण असता, तर तो कुठल्याही जाळीत अडकला असता.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. धुवायच्या फिल्टरची जाळी बहुधा 30 ते 60 मायक्रॉनच्या घरातली. जाळीचं काम सरळ असतं: भोकापेक्षा मोठा कण अडला, लहान असेल तर गेला. कागदाचं तसं नसतं. त्यात तंतूंचं जंगल असतं. वीस-तीस मायक्रॉनचे कण बरेचसे पहिल्याच फेरीत सापडतात. त्याहून बारीक काही सुटतात, काही आत खोलवर गुंततात. आणि तेल तर मिनिटात कितीतरी वेळा फिरून येतं, त्यामुळे सुटलेला कण पुढच्या कुठल्यातरी फेरीत सापडतो. इंजिनच्या फिरत्या भागांना आधार देणाऱ्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो, आणि त्या थराहून किंचित मोठा, कडक कण सगळ्यात जास्त ओरखडतो. असे दहा-वीस मायक्रॉनचे कण जाळीतून आरामात पार होतात.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वस्त्रगाळ. चहाच्या गाळणीतून चहा येतो, पण कपाच्या तळाशी भुकटी उरतेच. वैद्याचं चूर्ण मात्र कापडातून गाळलेलं. गंमत म्हणजे 1923 साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी पहिला ऑइल फिल्टर काढला, त्यातही कापडच होतं. त्याचं नाव प्युरोलेटर, म्हणजे 'प्युअर ऑइल लेटर'चं आखूड रूप.

(दृश्य: गॅरेजसमोर एक स्प्लेंडर येऊन थांबते.)

जाळी वाईट, असं काका म्हणत नाहीत. स्प्लेंडरमध्ये कागदी फिल्टर नसतोच. उजव्या बाजूचं कव्हर उघडलं की फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, कण फेकले जाऊन त्याच्या कडेला चिखलासारखे बसतात. सोबत एक छोटी जाळी. दोन्ही धुऊन परत लावायचे. देशभर लाखो स्प्लेंडर त्यावर धावतात. तिथे तेल थोडं असतं आणि लवकर बदललं जातं. शर्यतीच्या गाड्यांत स्टीलची जाळी आवडीने वापरतात, कारण प्रत्येक शर्यतीनंतर ती उघडून धातूचे तुकडे दिसतात का ते बघता येतं. त्यांच्याकडे दर आठवड्याला इंजिन उघडणारी माणसं असतात. माझ्याकडे वर्षातून एकदा भेटणारे काका आहेत.

एक गोंधळ इथेच मिटवून टाकते. के अँड एन या कंपनीचा धुवायचा एअर फिल्टर, म्हणजे हवा गाळणारा, बऱ्याच जणांना माहीत असतो, म्हणून त्यांचा ऑइल फिल्टरही धुवायचाच असं वाटतं. तो मात्र वापरून टाकायचाच आहे.

पैशाचा हिशेब पाच मिनिटांत झाला. माझ्या गाडीचा कागदी फिल्टर दोनशे रुपयांच्या आतबाहेर. दहा वर्षांचे दोन हजार. जाळीवाला बाहेरून मागवायचा, किंमत काही हजार, शिवाय ओ-रिंग आणि धुवायचं सॉल्व्हंट वेगळं. माझ्या एवढ्याशा धावण्यात तो वसूल होईपर्यंत गाडीच भंगारात जाईल.

तरी माझ्या मनात कचऱ्याचं होतंच. मी म्हटलं, "काका, पण डबा तरी वाचतो ना?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. दुकानामागे घेऊन गेले.

(दृश्य: गॅरेजमागचा नाला. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग.)

"जाळी धुणार कुठे?" त्यांनी विचारलं. "रॉकेलमध्ये बुडवून, ब्रश मारून, हवा मारून. ते काळं रॉकेल मग कुठे?"

वागळेतले नाले शेवटी खाडीलाच मिळतात. ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो उतरतात, ती हीच ठाणे खाडी, 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत असलेली. मी मनातल्या मनात सोसायटीच्या बाल्कनीत बादली घेऊन बसले होते. त्या बादलीचं पुढे काय होतं, इथपर्यंत विचार गेलाच नव्हता.

वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. 2016 च्या नियमांनुसार ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते परत गोळा करण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवरही आली आहे. प्रत्यक्षात काळं तेल वाळवी लागलेल्या लाकडाला फासतात, स्लॅब ओतायच्या सेंट्रिंगच्या प्लेट्सना लावतात. घोडबंदरला टॉवरना काही तोटा नाही, म्हणजे गिऱ्हाइकांनाही नाही. काका त्यांचं तेल ड्रममध्ये साठवतात आणि पावती देणाऱ्यालाच देतात. पावत्यांची फाइल त्यांनी मी न विचारताच दाखवली.

(दृश्य: भिंतीलगत पत्र्याच्या पन्हळीवर ओळीने उलटे ठेवलेले फिल्टर, त्यांच्या बुडाला पाडलेली भोकं.)

पत्र्याच्या डब्याचंही त्यांनी बघून ठेवलंय. डबा गरम असतानाच बुडाला भोक पाडायचं, म्हणजे आतलं तेल अडून राहत नाही. मग रात्रभर उलटा ठेवायचा. सकाळी तेल ड्रममध्ये, पत्रा भंगारात. काही गाड्यांना नुसता कागदी गाभाच बदलायचा असतो, कवच गाडीतच राहतं. तसं असतं तर मला सगळ्यात आवडलं असतं. पण वॅगन आरला हा पत्र्याचा डबाच लागतो.

"मग? काय घालू?"

"कागदच घाला."

नव्या फिल्टरच्या रबरी कडेला त्यांनी बोटाने ताजं तेल लावलं. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे चाचपून बघितलं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर तेल रस्त्यावर. मग हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत आणि पुढे पाऊण फेरा. पाना लावलाच नाही.

मी किल्ली फिरवली. तेलाचा लाल दिवा दोन सेकंद तसाच राहिला, मग विझला. काका गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात फिल्टरची कड बघत होते.

"कोरडी आहे," ते खालूनच म्हणाले.