मॉडनी भरलेला असेटो कोर्सा दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचाय? जुन्या फोल्डरचं नाव आधी बदला

नमस्कार मंडळी. असेटो कोर्सा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, आणि मॉड म्हणजे त्यात बाहेरून टाकलेल्या गाड्या, ट्रॅक वगैरे. "सी ड्राइव्ह भरला, असेटो कोर्सा दुसऱ्या एसएसडीवर टाकायचाय, मॉड उडणार तर नाहीत ना?" हा प्रश्न हल्ली प्रत्येक व्हिडिओखाली येतोय, म्हणून आज फक्त त्यावरच बोलू.

सोपं ते पटकन उरकतो. नवा ड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचा हवा. एक्सफॅट असेल तर रिकामा आहे तोवरच फॉरमॅट करा, कारण एक्सफॅटवर हार्ड लिंक बनत नाही (ती काय ते पुढे सांगतो). स्टीम, म्हणजे ज्या ॲपमधून गेम घेतलाय, त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन तो ड्राइव्ह जोडा, स्टीमलायब्ररी नावाचा फोल्डर तयार होईल. मग स्टीम बंद करा. वरची फुली दाबून स्टीम बंद होत नाही, घड्याळाशेजारच्या आयकॉनवर राइट क्लिक करून एक्झिट द्यायचं. कंटेंट मॅनेजर, म्हणजे मॉड सांभाळणारा आणि गेम चालू करणारा वेगळा लाँचर, तोही बंद.

आता कमेंटमधला ठरलेला सवाल: "स्टीममध्ये मूव्हचं बटण आहे, मग एवढा खटाटोप कशाला?" गेम कोरा असेल तर खुशाल वापरा ते बटण. पण मॉड भरलेले असतील तर तिथे हलवणं नको, कॉपी हवी. हलवताना मध्येच लाइट गेली किंवा जागा संपली की अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे. मूळ गेम स्टीम पुन्हा उतरवून देईल. मॉड देणार नाही. आणि जुन्या मॉडच्या कितीतरी डाउनलोड लिंक आज बंद पडल्यात. कॉपी केली तर काहीही झालं तरी मूळ प्रत जागेवर राहते.

कॉपीसाठी रोबोकॉपी ही कमांड वापरा, विंडोजमध्ये ते आधीपासूनच असतं. एखाद्या गाडीचा स्किन्सचा फोल्डर उघडून बघा: प्रत्येक स्किनच्या डीडीएस फायली, प्रीव्ह्यूचा जेपीजी, लिव्हरीचा पीएनजी, वर एक जेसन. अशा शेकडो गाड्या म्हणजे हजारो बारक्या फायली, आणि नेहमीचं कॉपी-पेस्ट नेमकं तिथेच रेंगाळतं.

(स्क्रीनवर कमांड) रोबोकॉपी, मग अवतरणचिन्हांत जुना पत्ता, अवतरणचिन्हांत नवा पत्ता, पुढे स्लॅश ई, स्लॅश एमटी कोलन १६, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १. शेवटचे दोन विसरू नका. रोबोकॉपी मुळात एका अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून, म्हणजे ते तिथेच अडकून बसतं. पत्त्याच्या शेवटी उलटा स्लॅश ठेवून अवतरण बंद केलंत तर कमांड बिघडते. नव्या पत्त्याच्या शेवटी असेटोकोर्सा हे फोल्डरचं नाव लिहायलाच हवं, नाहीतर सगळ्या फायली कॉमनमध्ये, म्हणजे स्टीमॲप्समधल्या सगळ्या गेमच्या फोल्डरमध्ये, सांडतील. आणि स्लॅश एमआयआर लावू नका: पत्ता चुकला तर ते समोरच्या फोल्डरमधलं जास्तीचं सगळं पुसून टाकतं.

संपल्यावर खालच्या तक्त्यात फेल्डच्या रकान्यात शून्य हवा. मग तीच कमांड स्लॅश एल जोडून पुन्हा चालवा. यात कॉपी होत नाही, फक्त काय राहिलंय ते दिसतं. कॉपीड रकान्यात फायलींपुढे शून्य आला की दोन्ही प्रती सारख्या.

हे सगळं करण्याआधी एक काम. कंटेंट मॅनेजरचे जेनेरिक मॉड (मूळ फायलींच्या जागी स्वतःच्या फायली ठेवणारे) वापरत असाल आणि हार्ड लिंकचा पर्याय चालू असेल, तर ते मॉड आधी बंद करा. हार्ड लिंक म्हणजे एकाच फाइलची दोन नावं. दुसऱ्या ड्राइव्हवर गेल्यावर त्याच्या दोन वेगळ्या फायली होतात आणि जागा फुकट जाते. नव्या जागी पुन्हा चालू केलेत की लिंक नव्याने बनतील.

पुढे मॅनिफेस्ट, म्हणजे गेम कोणत्या लायब्ररीत आहे हे स्टीमला सांगणारी फाइल. जुन्या स्टीमॲप्स फोल्डरमध्ये ॲपमॅनिफेस्ट २४४२१० नावाची एसीएफ फाइल आहे, ती कट करून नव्या स्टीमॲप्समध्ये पेस्ट करा. कॉमनच्या आत नाही, बाहेर. काही जण इथे स्टीममधून इन्स्टॉल दाबतात. चालतं तेही, पण मग स्टीम एकेक फाइल तपासतं आणि बदललेली मूळ फाइल दिसली की कोरी आणून ठेवतं. मूळ लाँचरच्या जागी कंटेंट मॅनेजर बसवला असेल तर तो गेलाच म्हणून समजा. कस्टम शेडर्स पॅच हा ग्राफिक्स सुधारणारा मॉड मात्र वाचतो, कारण डीराइटची डीएलएल आणि एक्स्टेन्शनचा फोल्डर या मूळ गेममध्ये नसलेल्या वस्तू आहेत.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते. गेम पहिल्यांदा उघडण्याआधी जुन्या फोल्डरचं नाव बदला. असेटोकोर्साचं असेटोकोर्सा-जुना करा. डिलीट नाही, नुसतं नाव.

का? कारण कंटेंट मॅनेजर स्टीमला विचारत नाही, त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये रूट फोल्डरचा पत्ता लिहिलेला असतो. जुना फोल्डर त्याच नावाने जागेवर असेल तर तो गुपचूप तिथूनच चालवतो. गाड्या दिसतात, शुटोकोसारखा मॉड ट्रॅक लोड होतो, सगळं आलबेल वाटतं. नाव बदललंत तर त्याला पत्ता सापडत नाही, तो तुम्हाला विचारतो, तुम्ही नवा दाखवता.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. "नवीन एसएसडीवर टाकूनही लोडिंग तेवढंच लागतं" अशा कमेंट येतात. आधी गाडीच्या पानावरून तिचा फोल्डर उघडा आणि वर कोणतं ड्राइव्हचं अक्षर आहे ते वाचा. सी असेल तर तुम्ही अजून जुनाच गेम खेळताय. (अक्षर बरोबर असेल आणि तक्रार एफपीएसची, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्सची असेल, तर एसएसडीकडून ती अपेक्षा ठेवू नका. तिने लोडिंग कमी होतं, एफपीएस ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरच्या हातात.)

आणि सगळ्यात महागात पडतं ते असं: नाव बदललं नाही, महिनाभर नवे मॉड टाकले, ते सगळे जुन्या फोल्डरमध्ये गेले. मग एक दिवस जागा करायला तोच फोल्डर उडवला. म्हणून नाव आधी बदला. क्रू चीफसारख्या जोडीच्या ॲप्समध्येही जुना पत्ता असू शकतो. नाव बदललेलं असलं की कोण अजून तिकडे बघतंय ते लगेच कळतं.

"व्हीलची बटणं पुन्हा बसवावी लागतील का?" नाही. ती डॉक्युमेंट्समधल्या असेटो कोर्साच्या फोल्डरमध्ये आहेत, सेटअप आणि रिप्लेही तिथेच. कंटेंट मॅनेजरचा डेटा ॲपडेटा लोकलमध्ये. या दोन्हींना हात लावायचा नाही. मात्र सी ड्राइव्ह रिकामा करायलाच निघाला असाल तर तो रिप्लेचा फोल्डर एकदा उघडा, तिथे बरेच जीबी निघतात. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलेलं असेल तर हाच फोल्डर तिथे सापडेल.

जुना फोल्डर उडवायची घाई नको. स्टीममधून एकदा, कंटेंट मॅनेजरमधून एकदा, ऑनलाइन एकदा, आणि पावसाच्या हवामानात एकदा असं चालवून बघा. आधी कधी ट्रॅक्सचा फोल्डर जंक्शन करून (म्हणजे जुन्या जागी फक्त तिकडे नेणारा दुवा ठेवून) तिसऱ्या ड्राइव्हवर ठेवला असेल, तर रोबोकॉपीने त्या जंक्शनमागचा सगळा माल नव्या ड्राइव्हवर खरोखर कॉपी केलाय, म्हणजे जागेचा हिशोब तसा धरा. जुनं काढताना आधी ते जंक्शन नुसत्या आरएमडीआयआर कमांडने काढा, स्लॅश एस न लावता, आणि मगच उरलेला फोल्डर डिलीट करा.