सात खुणांचा टोटोरो

(पडद्यावर: पावसाळी संध्याकाळ. फाट्यावरची पत्र्याची शेड. मागे केळीची बाग.)

चोपड्याकडून येणारी साडेसहाची गाडी अजून आलेली नाही, सात वाजत आलेत. पाऊस तिरपा आहे, म्हणजे शेडचा उपयोग निम्माच. धाकटी थोरलीच्या पाठीवर पेंगतेय. थोरलीने केळीचं पान तोडून दोघींच्या डोक्यावर धरलंय.

खान्देशात वाढलेल्या माणसाला या दृश्यात नवं काही दिसणार नाही. पण १९८८ साली जपानमध्ये पडद्यावर आलेल्या 'माय नेबर टोटोरो' या ॲनिमेशनपटातही हेच आहे. पाऊस, बसथांबा, पाठीवर झोपलेली धाकटी बहीण. आणि शेजारी येऊन उभा राहिलेला, डोक्यावर एवढंसं पान ठेवलेला, घुबडासारखा, मांजरासारखा, ढेरपोट्या टोटोरो. त्याला मुलगी छत्री देते. तो तिला पानात बांधलेली एक पुडी देतो. पुडीत बिया असतात.

आपल्या गोष्टीतही एक पुडी आहे. ती एसटीच्या पार्सलमधून फिरते.

(पडद्यावर: खाकी कागदात गुंडाळलेलं जाड पुस्तक. कागदावर खोडलेले पत्ते: जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे.)

२०२० च्या फेब्रुवारीत हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला आणि पुढच्याच महिन्यात सगळे घरात कोंडले गेले. जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच जणांची टोटोरोशी ओळख तेव्हाची. त्याआधी तो पेनड्राइव्हवरून फिरायचा, पण त्याबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलायला कुणी तयार नाही.

शहाऐंशी मिनिटांचा पिच्चर. एकदा बघितला, दुसऱ्यांदा बघितला, घरच्यांना धरून बसवून दाखवला. मग प्रत्येकाचा एकच प्रश्न: आता घेऊ काय? आणि या प्रश्नाला उत्तर देण्याची हौस तर काही विचारू नका. चार चाहते एकत्र आले की पाच शिफारशी तयार.

पहिली शिफारस या खाकी कागदातल्या पुस्तकाची, 'द आर्ट ऑफ माय नेबर टोटोरो'. इंग्रजी आवृत्ती २००५ ची. चित्रपटाच्या आधी काढलेली कच्ची चित्रं, जलरंगातली टिपणं, पार्श्वभूमीची मोठी मोठी पानं. ही एक प्रत चार गावांत मिळून आहे. किंमत बघून सगळ्यांनी वर्गणी काढली, आणि नियम ठरला की महिनाभर ठेवा, मग पुढच्याकडे रवाना करा. हळदीचा डाग पाडणाऱ्याने चहा पाजायचा. आतापर्यंत दोनदा चहा झालाय.

अमळनेरच्या एका चित्रकला शिक्षकांकडे ते महिन्याऐवजी तीन महिने राहिलं. रागावण्यात अर्थ नव्हता, कारण सरांनी ते वापरलं. या चित्रपटाचे कलादिग्दर्शक काझुओ ओगा. त्यांची झाडं, गवत, भाताची खाचरं रंगवलेली आहेत पोस्टर कलरने. आपली पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला छोट्या बाटल्या घेऊन जातात, तीच ही रंगांची जात. सरांनी एक पान उघडून वर्गात ठेवलं आणि विचारलं, यात हिरवे किती? पोरांनी मोजायला घेतलं. कुणी सहा म्हणालं, कुणी अकरा.

(पडद्यावर: पुस्तकाचं पान, शेजारी मुलाची वही. वहीतल्या झाडाला चार हिरवे आणि एक पिवळट.)

एक मुलगा म्हणाला, "सर, सावलीत निळा टाकलाय त्यांनी." सर सांगतात, गेली कितीतरी वर्षं मी हेच सांगत होतो, माझं कुणी ऐकलं नाही.

दुसरं पुस्तक कादंबरी. त्सुगिको कुबो यांनी चित्रपटाच्या कथेवरून लिहिलेली, चित्रं स्वतः चित्रपटाचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींची. यावर मात्र गटात फाटाफूट आहे. धुळ्याच्या ताई म्हणतात, आई दवाखान्यात आहे हे चित्रपटात मुलींच्या वागण्यातून कळतं, ते लिहून काढलं की त्यातली हवा जाते. भुसावळचा इंजिनिअर म्हणतो, माझ्या मुलीला वाचून दाखवायला तेच बरं. आमचं मत विचाराल तर, आधी चित्रांचं पुस्तक, मग पैसे उरले तर हे. मियाझाकींची आई स्वतः मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं आजारी होती. हे कळल्यावर चित्रपट तिसऱ्यांदा बघावा लागतो, आणि ते फुकट आहे.

तिसरी शिफारस चुकून झाली.

जळगावच्या एका पुस्तकांच्या दुकानात एका मुलीने विचारलं, "टोटोरो आहे का?" काउंटरवरच्या काकांनी क्षणभर विचार केला, आत गेले आणि 'तोत्तोचान' घेऊन आले. "हेच ना? जपानीच आहे." मुलीला नाही म्हणवेना. घेऊन आली.

तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं. मराठीत ते चेतना सरदेशमुख गोसावींनी आणलं, नॅशनल बुक ट्रस्टने छापलं. शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी, आणि आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरवणारी तोमोए नावाची शाळा. ती खरोखरच होती. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. टोटोरोशी या पुस्तकाचा काडीचा संबंध नाही, आणि तरी गटातले सगळे आता टोटोरो आवडलेल्या माणसाला आधी हेच सांगतात. एक तर ते मराठीत आहे. दुसरं म्हणजे खिशाला झेपतं.

(पडद्यावर: भुसावळ यार्ड. रुळांवर उभे रिकामे डबे.)

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या मुलांना तर डब्यातली शाळा म्हणजे आपल्याच अंगणातली वाटते. त्या शाळेत मुख्याध्यापक सांगतात, डब्यात काहीतरी डोंगरातलं आणि काहीतरी समुद्रातलं आणा. इथल्या पोरांनी हा खेळ खेळून पाहिला. डोंगरातलं सोपं, सातपुडा समोरच आहे. समुद्रातलं काय? एकाने भरताच्या कडेला मिठाची चिमूट ठेवली आणि म्हणाला, हे घ्या.

आता वस्तू.

चित्रपट थिएटरात लागला तेव्हा फार चालला नव्हता. नंतर टीव्हीवर दाखवला तशी ओळख वाढली. टोटोरोचं कापडी खेळणं बाजारात आलं ते चित्रपटानंतर जवळपास दोन वर्षांनी, आणि तेही चित्रपट बनवणाऱ्या स्टुडिओने मनावर घेतलं म्हणून नव्हे, खेळणीवाले मागे लागले म्हणून. पुढे या बाहुल्यांनी एवढा पैसा दिला की चित्रपटांच्या खर्चातले खड्डे त्यातून बुजले, आणि टोटोरो जाऊन बसला थेट त्या स्टुडिओच्या, म्हणजे स्टुडिओ घिबलीच्या, बोधचिन्हात.

ती अस्सल बाहुली जळगावात मिळत नाही. मिळतात त्या नकला. कीचेन, पाऊच, टी-शर्ट. नक्कल ओळखायची गटाची पद्धत सोपी आहे: पोटावरच्या खुणा मोजा. मोठ्या टोटोरोच्या पोटावर बाणाच्या टोकासारख्या राखाडी खुणा असतात, सात. स्टेशनरीच्या दुकानातल्या कीचेनवर त्या पाच निघाल्या. एका पाऊचवर नऊ. दुकानदार म्हणाला, "दोन जास्तीच आहेत, घ्या की!"

(पडद्यावर: गादी भांडार. पिंजण्याच्या यंत्रातून उडणारी रुई. दाराशी उन्हाची तिरीप, तिच्यात तरंगणारे धागे.)

म्हणून मग घरी शिवायचं ठरलं. जिथे शेतात कापूस आहे तिथे पॉलिस्टरचं पोट कशाला? अमळनेरच्या या दुकानात चाचा तीस वर्षं गाद्या भरताहेत. त्यांच्यापुढे मोबाइल धरून चित्र दाखवलं, तर त्यांनी चष्मा वर केला.

"हाई काय शे? घुबड शे का मांजर?"

"दोन्ही, चाचा."

"बरं. पोट घट्ट पाहिजे का मऊ?"

हा प्रश्न आम्हाला कुणालाच सुचला नव्हता. मुलांनी मिठी मारायची तर मऊ. पण मऊ भरलं की आठ दिवसांत बसकण मारतो. चाचांनी मधला मार्ग काढला: तळाला दाबून, वर सैल. आधी कोपरे, मग कान, शेवटी पोट. कानात रुई बोटाने जात नाही, त्याला लाटण्याचं टोक लागतं.

कापड म्हणजे शाळेच्या गणवेशाची जुनी राखाडी पॅन्ट. पोटाला पांढरी कॉटन साडी. डोळे शर्टाच्या बटणांचे, मिशा केरसुणीच्या. खुणा काळ्या दोऱ्याने, मोजून सात.

शिवणाऱ्या ताईंचा एक सल्ला लिहून ठेवा. रुईची बाहुली बादलीत बुडवू नका, आत गोळे होतात. ओल्या फडक्याने पुसा आणि कडक उन्हात ठेवा. उन्हाची आपल्याकडे काय कमी!

बियांचं मात्र जमलं नाही. चित्रपटातल्या त्या बिया ओकच्या, टोपीवाल्या. आपल्याकडे ते झाड नाही. कुणी चिंचोके सुचवले, कुणी सागाच्या बिया. शेवटी सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या एकाने बिब्बे आणले. दिसायला झकास, टोपीसारखं खालचं फळही असतं. पण बिब्बा अंगावर उततो, पोरांच्या हातात द्यायची वस्तू नव्हे. शिफारशीतून बाद. सध्या पुडीत चिंचोके आहेत.

जपानमध्ये सायामाच्या टेकड्यांवरचं जंगल वाचवायला १९९० साली टोटोरोच्या नावाने निधी उभा राहिला, आणि १९९१ मध्ये त्यातून जंगलाचा पहिला तुकडा विकत घेतला गेला. हे ऐकल्यावर गटातल्या एकाने विचारलं, मग सातपुड्यात आपण किती घेऊ शकतो? वर्गणीच्या डब्यात तेव्हा पुस्तकाचे टपालखर्चाचे पैसे होते. हिशेब तिथेच थांबला.

(पडद्यावर: धुळ्यातली गच्ची, एप्रिलची दुपार. जुन्या साडीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेत. त्यांच्या रांगेत, पाठीवर झोपवलेला राखाडी टोटोरो.)

कालच पुसून ठेवलाय. आजी बिबडे उलटायला आल्या आहेत. एकेक बिबडा उलटत त्या टोटोरोपर्यंत येतात, थांबतात, पोटावर तळहात ठेवून दाबतात. नातीला हाक मारतात.

"याले उलटा कर वं. पाठ वली शे आजून."

(पडद्यावर: नात त्याला पालथा घालते. आजी पुढच्या बिबड्याकडे वळतात.)