नावानिशी उभ्या राहिलेल्या

पडद्यावर दिसणारे हे छायाचित्र ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या अर्थखात्याच्या इमारतीपाशी टिपलेले आहे. चिलखत आणि शिरस्त्राण घालून उभी असलेली ही जर्मन अभिनेत्री हेडविग रायखर, अमेरिकेचे मूर्त रूप मानल्या जाणाऱ्या कोलंबियाच्या भूमिकेत आहे. त्या दुपारी कोलंबियाने साद घातली आणि न्याय, दया, स्वातंत्र्य, शांती व आशा यांची रूपे घेतलेल्या स्त्रिया इमारतीच्या रुंद पायऱ्यांवर अवतरल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी हेझल मॅके यांनी सुमारे १०० स्त्रिया आणि मुले घेऊन बसवलेला हा मूकदेखावा आजही डोळ्यांचे पारणे फेडतो. परंतु त्यातली मुख्य पात्रे सद्गुणांची होती, इतिहास घडवणाऱ्या हाडामांसाच्या स्त्रियांची नव्हती.

त्या स्त्रिया तेव्हा पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूवरून मिरवणुकीने येत होत्या. ५,००० हून अधिक स्त्रियांच्या या मिरवणुकीची वाट बघ्यांनी अडवली, धक्काबुक्की केली, आणि तिकडे पायऱ्यांवरचे कलावंत पातळ वस्त्रांत, अनवाणी, थंडीत ताटकळत राहिले. पत्रकार आयडा बी. वेल्स शिकागोहून आल्या होत्या. दक्षिणेकडील गोऱ्या स्त्रिया नाराज होऊ नयेत म्हणून त्यांना कृष्णवर्णीय स्त्रियांबरोबर मागे चालण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. मिरवणूक निघाल्यावर त्या कडेच्या गर्दीतून पुढे आल्या आणि इलिनॉयच्या तुकडीत दोन गोऱ्या सहकाऱ्यांच्या मधोमध चालू लागल्या. हॉवर्ड विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आणि कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या, अमेरिकेतील मूळनिवासी ओजिब्वे समाजाच्या मेरी लुईस बॉटिनो बाल्डविन याही त्याच मिरवणुकीत होत्या. त्या दिवसाचा खरा देखावा माझ्या मते हाच होता.

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा काउंटीत महिला इतिहास सप्ताह साजरा झाला आणि १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मार्च हा महिला इतिहासाचा महिना ठरवला. इतिहासातल्या खऱ्या स्त्रियांचे वेश घेऊन मुली सादर करतात त्या सोहळ्यांना त्यामुळे हक्काचा काळ मिळाला. आता निवेदिका नाव पुकारते, त्या वेशातली मुलगी पुढे येते आणि मोजक्या वाक्यांत त्या स्त्रीच्या वतीने ‘मी’ म्हणून बोलते: मूळनिवासी चेरोकी राष्ट्राचे प्रमुखपद भूषवणाऱ्या पहिल्या महिला विल्मा मॅनकिलर, शेतमजुरांना संघटित करणाऱ्या डोलोरेस ह्युएर्ता, १९६४ मध्ये हवाईतून काँग्रेसवर निवडून गेलेल्या पॅट्सी मिंक.

दुसऱ्याच्या वतीने ‘मी’ म्हणण्यात जोखीम आहे, आणि ती गुलामगिरीविरुद्ध व स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या सोजर्नर ट्रुथ यांच्या भूमिकेत सर्वांत ठळकपणे जाणवते. १७९७ च्या सुमारास न्यू यॉर्क राज्यात गुलामीत जन्मलेल्या ट्रुथ यांची पहिली भाषा डच होती. १८५१ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन येथे त्यांनी केलेले भाषण मात्र रंगमंचावर पुष्कळदा स्त्री-हक्कांच्या कार्यकर्त्या फ्रान्सिस गेज यांनी १२ वर्षांनंतर, १८६३ मध्ये, प्रसिद्ध केलेल्या रूपात ऐकू येते. या रूपात त्यांच्या तोंडी दक्षिणेतील गुलामांची बोली घातली आहे, आणि त्यातले ‘मी स्त्री नाही का?’ हे गाजलेले पालुपद जून १८५१ मध्ये वृत्तपत्रात छापून आलेल्या वृत्तांतात कुठेच सापडत नाही. त्या जुन्या वृत्तांतात ट्रुथ सांगतात की आपण नांगरले आहे, पिके कापली आहेत, लाकडे तोडली आहेत, आणि याहून अधिक कोणता पुरुष करू शकेल? सोहळा बसवणाऱ्यांनी ही भूमिका करणाऱ्या मुलीच्या हाती हाच वृत्तांत द्यावा आणि कोणत्याही बोलीचे हेल न काढता, तिच्या स्वतःच्या आवाजात तो तिला म्हणू द्यावा.