डॉक बॉग्ज: गहाण पडलेला बँजो

(दृश्य: डोंगरातलं धुकं. रुळांवरून कोळशाच्या वाघिणी जातायत.)

बँजो म्हटलं की आपल्याला आठवते ती मिरवणुकीतली बेंजो पार्टी. बटणं दाबून वाजवायचा, कर्ण्यातून कोकलणारा तो बेंजो. हा बँजो तो नव्हे. याला डफासारखं ताणलेलं कातडं आहे, लांब दांडी आहे आणि पाच तारा आहेत. पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्येच कुठेतरी. अंगठा तिला सारखा छेडतो, आणि एकतारीसारखा एकच सूर गाण्यामागे घुमत राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं चढवून केलेलं हे वाद्य. डोंगरातल्या गोऱ्या लोकांच्या हाती ते नंतर आलं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्य टोकाला, अ‍ॅपलाचियन डोंगरात, नॉर्टन हे कोळशाचं गाव. 1898 साली तिथे मोरान ली बॉग्ज जन्मला. दहा भावंडांतलं शेंडेफळ. पुढे सगळे त्याला डॉकच म्हणू लागले. वयाच्या 12व्या वर्षी तो खाणीत कामाला लागला.

गाणं त्याने दोन्हीकडून उचललं. घरात डोंगरातली जुनी गाणी होतीच. पण रुळांच्या कडेने गिटार वाजवत जाणारा एक कृष्णवर्णीय वादक होता. पोरवयातला डॉक त्याच्या मागे मागे चालायचा. काळे आणि गोरे वेगवेगळे राहत असलेल्या त्या काळात हे ऐकणं त्याच्या बोटांत उतरलं.

(दृश्य: बँजोवरचा उजवा हात, जवळून.)

हा हात बघा. डोंगरातले बहुतेक वादक पंजा वाकवून नखाने तारेवर वरून आघात करत. डॉक मात्र अंगठा आणि दोन बोटांनी एकेक तार वेचतो. गळा जे गातो, तेच तार बोलते. कीर्तनात पेटी बुवांच्या मागे जाते ना, तसंच काहीसं. फक्त इथे बुवा आणि पेटीवाला एकच.

1927 साली ब्रन्सविक या गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीची माणसं गायक शोधत नॉर्टनच्या हॉटेलात उतरली. डॉककडे धड बँजो नव्हता. वाद्यांच्या दुकानातून त्याने एक उसना घेतला, घसा आणि धीर दोन्ही येण्यासाठी थोडी व्हिस्कीही घेतली. निवड झाली. न्यूयॉर्कला जाऊन त्याने आठ गाणी गायली. 1929 मध्ये आणखी चार.

मग मंदी आली. तबकड्या विकत घ्यायला लोकांकडे पैसा उरला नाही. बायकोला, साराला, हे गाणंबजावणं आणि त्याच्यामागची दारू आवडत नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिचंही चुकत नव्हतं. बँजो गहाण पडला. डॉक पुन्हा कोळशात उतरला आणि 1954 पर्यंत खणत राहिला.

इकडे 1952 मध्ये हॅरी स्मिथ नावाच्या एका संग्राहकाने जुन्या तबकड्यांमधली गाणी निवडून एक मोठा संच काढला. त्यात डॉकची दोन गाणी होती. शहरातल्या तरुण पोरांनी ती पाठ केली. 1963 च्या जूनमध्ये माइक सीगर हा गायक त्याला शोधत नॉर्टनला पोहोचला. डॉक 65 वर्षांचा होता, आणि योगायोग असा की बँजो त्याने नुकताच पुन्हा हाती घेतला होता. काही आठवड्यांतच तो मंचावर होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवातही गायला.

गावातल्या चर्चच्या काही मंडळींना मात्र हे रुचलं नाही. बँजो आणि देवभक्ती एका घरात कशी नांदणार, हा त्यांचा सवाल. डॉकलाही तो टोचत असे. तरी तो वाजवत राहिला. 7 फेब्रुवारी 1971 रोजी, 73व्या वाढदिवशी, तो गेला.

(दृश्य: फिरती तबकडी. 1927 चं ‘कंट्री ब्लूज’. खरखर तशीच ठेवावी.)